तिसरी खेप

नांदेडहून नसरीनआपांचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. हात चिकाने भरलेले, म्हणून नातीने फोन कानाला धरला. "सुमनताई, बाई गेल्या," आपा म्हणाल्या. "सकाळी चाय घेऊन गेले, तर उठल्याच न्हाईत." आपा म्हणजे मठपतीबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारीण, आणि मठपतीबाई म्हणजे मला कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या, पुढे पन्नास वर्षं माझ्या आयुष्यात राहिलेल्या बाई. वय ऐंशीच्या पुढे, मूल-बाळ नाही, लग्नच नाही. अशा वेळी माणूस 'कधी', 'कसं' असं विचारतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "माझी तिसरी खेप राहिली हो आपा." आपांनी मुखेडहून बाईंचा भाचा निघाल्याचं सांगितलं. दुपारी भाच्याचा फोन आला की मावशीला गावी आणलंय आणि आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे संध्याकाळच्या आत माती देऊ. लातूरहून मुखेडला मी कितीही धावले असते तरी पोचले नसते. मी गच्चीवर परत गेले आणि उरलेल्या कुरडया घातल्या. चीक वाया कसा जाऊ द्यायचा, असं स्वतःला सांगितलं. खरं तर हातांना काहीतरी काम हवं होतं.

ही तिसऱ्या खेपेची गोष्ट सांगायची तर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागेल. मी तेव्हा लातूरला बी.ए. करत होते. लातूर त्या वेळी जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. घर आणि कापडाचं दुकान मुरुडला, तिथून मी रोज एसटीने ये-जा करायचे. पोरगी शिकते तर शिकू द्या, पण डोक्याला ताप नको, एवढीच वडिलांची, म्हणजे अप्पांची, अट होती, आणि समाजशास्त्र हा सगळ्यांत सोपा विषय अशी कॉलेजात ख्याती. समाजात आपण राहतोच, त्याचा आणखी अभ्यास तो काय करायचा? अशा आम्ही तीस-पस्तीस आळशी जिवांनी तो विषय घेतला होता. पहिल्या तासाला बाई आल्या. सुती पातळ, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि अंगाच्या मानाने आवाज भलताच खणखणीत. समाजाची व्याख्या सांगतील म्हणून आम्ही वह्या उघडल्या, तर त्यांनी विचारलं, "काल तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवलं?" आई, वहिनी, आजी अशी उत्तरं आली. "आणि तिच्या वाटणीला काय उरलं?" त्या वर्षी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी घरोघरी मोजून थापल्या जात होत्या. "हे तुमच्या आईला कुणी शिकवलं? कुठं लिहून ठेवलंय? न लिहिता, न सांगता सगळे पाळतात, तिला लोकरूढी म्हणायचं. आता घ्या वहीत." सोपा विषय म्हणून आले होते, पण त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. आई जेवायला बसेपर्यंत मी ताटावरून उठले नाही, आणि आईला वाटलं की पोरीचं पोट बिघडलं.

पुस्तकातलं त्या पुस्तकातून शिकवतच नसत. कॉलेजच्या मागे एक आड होता. पाणी अंगठ्याएवढं झरायचं, म्हणून बायका पहाटेच घागरी रांगेत ठेवून जायच्या. बाईंनी आम्हाला त्या आडावर नेलं. पितळेच्या घागरी पुढे, मातीच्या मागे, आणि चार घागरी रांगेपासून वेगळ्या, एका बाभळीखाली. तिथं माणूस नव्हतं, नुसत्या घागरी. "कुणाची कोणती, सांगा," बाई म्हणाल्या, आणि आम्ही घडाघडा सांगितलं की बाभळीखालच्या कुणाच्या. कुणाचंही चुकलं नाही. "बघा, न शिकता किती शिकलाय तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मग तिथंच उन्हात त्यांनी सामाजिक स्तरीकरण समजावलं. एक मत असं की अशा रांगेमुळे भांडण न होता पाणी वाटलं जातं, म्हणजे रांगेचा समाजाला उपयोग आहे. दुसरं मत म्हणतं, आधी हे विचारा की रांग लावली कुणी आणि बाभळीखाली कुणाला ठेवलं. "परीक्षेत दोन्ही लिहा," बाई म्हणाल्या, "पण घरी गेल्यावर दुसरं विचारत जा."

त्यांच्या एकटेपणाविषयी मुलं मागे कुजबुजत. कुटुंबाची व्याख्या शिकवताना एका आगाऊ मुलाने विचारलंच, "बाई, मग एकट्या माणसाचं काय?" बाईंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. जनगणनेला येणारे तसंच धरतात. म्हणजे मी एका माणसाचं कुटुंब. चूल माझी, आणि शेवटी जेवणारीही मीच." सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, कुणास ठाऊक. पुढे पाव शतकाने, नांदेडला नसरीनआपांचा सकाळचा चहा सुरू झाला तेव्हा बाईंनी मला पत्रात कळवलं होतं, 'आमचं कुटुंब आता दीड माणसांचं झालं आहे.'

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात बाईंनी आम्हाला पाहणीसाठी एका गावात नेलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी विश्वासाने घरातलं सांगितलं त्यांचं नाव-गाव उघड करायचं नाही हे बाईंनीच शिकवलं. त्यांच्या पीएच.डी.चा प्रबंध याच पाहणीवर उभा राहायचा होता. दुष्काळात माणसं काय खातात, कुठून पाणी आणतात, गाव सोडून किती जातात, हे त्यांना पाहायचं होतं. गावाची यादी करून दर पाचवं घर निवडलं होतं. मनाला येईल ते घर घ्यायचं नाही, कारण मन नेहमी सावलीच्या घराकडे जातं, असं त्या म्हणायच्या. निवडलेल्या घराच्या चौकटीवर खडूने नंबर घालायचा. घराला कुलूप असेल तर नंबरखाली एक उभी रेघ ओढून परतायचं. पुन्हा वेगळ्या वेळी जायचं, दुसरी रेघ. मग आणखी एकदा, बाजाराचा दिवस टाळून. तिसऱ्या खेपेलाही कुलूपच असेल तर फॉर्मवर 'कुलूप' असा एकच शब्द लिहायचा. "शेजारच्या घरात शिरून फॉर्म भरायचा नाही," त्यांनी बजावलं होतं. "कुलूप हेही उत्तर आहे. या वर्षी तर तेच खरं उत्तर असेल."

माझ्या वाट्याला गावाचं खालचं टोक आलं. तिथल्या निवडलेल्या घरांपैकी नऊ घरांना कुलपं होती. पहिल्या खेपेला मी नऊ रेघा ओढल्या. दुसऱ्या खेपेला ऊन असं की खडूसुद्धा हातात तापला. आणि तेवढ्यात मधल्या आळीतून हाक आली, "ये गं पोरी, मुरुडच्या दुकानदाराची न्हवं का तू? उन्हात काय करून राहिलीस? बस, पाणी पी!" ते आमचं गिऱ्हाईक घर. लिंबाची सावली, गुळाचा खडा आणि तांब्याभर गार पाणी. त्या साली एवढं पाणी देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी बसले. फॉर्म मांडीवर होताच. घरच्या काकूंनी सांगितलं, मी लिहिलं. मग त्यांची जाऊबाई, मग शेजारची विहीरवाली… दोन दुपारी मी सावली सोडली नाही. बंद घरांचे नऊ नंबर घालून नऊ फॉर्म भरून झाले. चौकटींवर दुसऱ्या खेपेच्या रेघाही जाता जाता ओढून टाकल्या. मला तेव्हा ते पाप वाटलं नव्हतं. गावातलीच माणसं, गावातलीच उत्तरं, बिघडलं कुठं?

बिघडलं ते पुढे कळलं. आमच्या पाहणीचा गोषवारा दुष्काळी कामं ठरवणाऱ्या तहसील कचेरीत गेला. त्यात गावातून माणसं फारशी बाहेर गेली नाहीत आणि पाण्याची स्थिती बरी आहे असं दिसत होतं. खडी फोडण्याचं दुष्काळी काम पलीकडच्या गावाला निघालं. केवळ आमच्या कागदामुळे तसं झालं असं मी म्हणणार नाही, कचेरीची गणितं कचेरीलाच ठाऊक. पण कागद तिथं होता, आणि त्यात माझं अक्षर होतं. बाईंनी मला एकदा वर्गाबाहेर विचारलं, "सुमन, खालच्या टोकाला तीन खेपा झाल्या ना तुझ्या?" मी म्हटलं, हो बाई. मग एकदा एसटी स्टँडवर, माझी गाडी लागलेली असताना, "त्या नऊ घरांत कुणी नव्हतंच का गं पहिल्यांदा?" मी म्हटलं, नंतर भेटले सगळे. निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा तिसऱ्यांदा. मी पेढ्याचा पुडा पुढे करून विषय बदलला. पहिला वर्ग मिळाला होता मला.

पुढे एम.ए. करून मी लातूरलाच प्राध्यापक झाले. बाई नांदेडच्या कॉलेजात गेल्या. त्यांचा प्रबंध काही पुरा झाला नाही. त्यांच्या मागून आलेले एकेक जण डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, आणि बाई बाईच राहिल्या. कुणी विचारलं तर म्हणत, "नऊ घरं राहिलीत माझी." लोक हसत. शंभरावर घरांची पाहणी आणि ही बाई नऊ घरांसाठी अडून बसलीय, विक्षिप्तच! मी त्या हसणाऱ्यांत नव्हते, पण गप्प बसणाऱ्यांत होते, आणि ते जास्त वाईट.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा शहरात फटाके वाजले, नव्या पाट्या लागल्या. त्याच हिवाळ्यात बाईंचं पत्र आलं, 'जिल्हा नवा झाला, गाव तेच आहे. एकदा जाऊन येऊ. तू चल.' आम्ही गेलो. बाईंच्या पिशवीत जुन्या फॉर्मचा एक गठ्ठा होता. थेट खालच्या टोकाला, सत्तेचाळीस नंबरच्या घरासमोर त्या थांबल्या. तो नंबर माझ्या नऊंपैकी होता. दारात एक म्हातारा दोरीसाठी वाख वळत बसला होता. बाईंनी त्याला फॉर्म वाचून दाखवला. घरात सात माणसं, सगळी हजर, तीन बैल, स्वतःची विहीर, पाणी पुरेसं. म्हातारा आधी ऐकत राहिला, मग हसायलाच लागला. "विहीर? माझ्या नावावर? कुठं हाय ती, मला बी दावा की बाई! न्हाई वो, त्या साली आम्ही हितं नव्हतोच. खडीचं काम बी गावात निघालं न्हाई. दाराला कुलूप घातलं आन् लेकरं घेऊन सोलापूरच्या अंगाला गेलतो." हसता हसता थांबला. "धाकली तिकडंच ऱ्हायली. ताप आल्ता तिला. कुलूप उघडाया आलो तवा सहाच जण व्हतो." वाख त्याच्या हातात तसाच राहिला. बाईंनी त्याला हात जोडले. बाजूला येऊन त्यांनी फॉर्म उलटा केला आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही." मी लिहिलं, कुलूप. असं नऊ दारांत नऊ वेळा. काही घरांत नवी माणसं होती, दोन घरं तर पडून गेली होती, त्या पडक्या भिंतींसमोरही बाईंनी मला उभं केलं. मला तिथल्या तिथं मरावंसं वाटत होतं, आणि बाईंचा रागही येत होता, हे लपवून काय करू?

परतताना गाडीची वाट बघत आम्ही पारावर बसलो. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? "गोषवारा धाडल्यावर फॉर्म एकेक करून वाचले, त्याच दिवशी संशय आला. नऊच्या नऊ घरांना विहिरी, आणि सगळ्यांना पाणी. त्या साली? मग त्याच पावसाळ्यात एकटी येऊन बघून गेले. कचेरीला चूक कळवणारं पत्रही टाकलं, माझ्या सहीने. पण उशीर झालेला." मग मला बोलला का नाहीत, म्हटलं. माझा आवाज चढलाच होता. बाईंनी पिशवीतून शेंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या. "तीन खेपा केल्या की तुझ्याकडं. तुझं दार बंदच होतं. मग काय करायचं, शेजारी विचारायचं?" शेंगा सोलता सोलता मी रडले. त्या रडू नको म्हणाल्या नाहीत. फक्त सोललेले दाणे माझ्या बाजूला सरकवत राहिल्या.

त्यानंतर मी शिकवण्यातली तीस वर्षं त्या नऊ घरांवर काढली, असं म्हटलं तर खोटं नाही. माझ्या पर्समध्ये तेव्हापासून खडूचा तुकडा असतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या मागे मी तिसऱ्या खेपेसाठी एवढी हात धुऊन लागायचे की मुलांनी माझं नावच 'कुलूपबाई' पाडलं. मठपतीबाईंना सांगितलं तेव्हा त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. दर दिवाळीनंतर मी नांदेडला त्यांच्याकडे दोन दिवस राहायचे. रात्रीच्या जेवणाला त्या मला आधी वाढायच्या आणि मी हट्टाने थांबायचे. शेवटी कोण जेवणार यावरून आमचं दरवर्षी भांडण व्हायचं.

यंदा फाल्गुनात त्यांच्या तब्येतीचं कळलं म्हणून न सांगता गेले. दाराला कुलूप. आपाही घरी नव्हत्या. बाईंना ऐकू कमी यायचं, त्यांचा फोन वाजून बंद झाला. मला गंमत सुचली. पर्समधून खडू काढला आणि चौकटीवर एक उभी रेघ ओढून परत आले. बाई बघतील आणि ओळखतील. महिन्याने पुन्हा गेले, पुन्हा कुलूप. दवाखान्यात आहेत, पण भेटू देत नाहीत, असं समोरच्या दुकानदाराने सांगितलं. दुसरी रेघ ओढली. मग चैत्र-वैशाखाचं ऊन आलं. आपांनी फोनवर घरी आणल्याचं कळवलं, बऱ्या आहेत म्हणाल्या. मग म्हटलं, जरा ऊन उतरू दे. एसटीचा चार तासांचा प्रवास, माझे गुडघे, नातीची परीक्षा, आणि ऊन… बहात्तरच्या दुष्काळातही ऊनच होतं. माझं उन्हाचं कारण कधी जुनं होत नाही.

माती दिल्यावर पंधरा दिवसांनी मी नांदेडला गेले. भाच्याने दाराला नवं कुलूप घातलं होतं. पाऊस अजून आला नव्हता, म्हणून चौकटीवर माझ्या दोन्ही रेघा जशाच्या तशा होत्या. आपा बाहेर आल्या, माझा हात धरला आणि मग त्यांनी सांगितलं. "दवाखान्यातून आणलं ना, तेव्हा दारातच थांबल्या. रेघा बघून इतक्या खूश! म्हणल्या, सुमन दोनदा येऊन गेली बघ नसरीन, आता तिसऱ्यांदा येईल, तिसरी खेप चुकवत न्हाई ती आता. खाट दाराजवळ ओढायला लावली. इतकी धूप, गरम हवा यायची, मी म्हणायची, बाई, दरवाजा लावते, तर लावू देत नव्हत्या. म्हणायच्या, तिला पुन्हा कुलूप दिसायला नको." मी विचारलं, किती दिवस? "अठरा," आपा म्हणाल्या. "मी तुम्हाला, या म्हणून पुन्हा फोन करते म्हणलं, तर म्हणाल्या, नको. खेप आपल्या पायानं करायची असते."

आपांकडे किल्ली होती. उघडू का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. आत जे माणूस नाही त्याच्या घरात शिरून मी काय भरणार होते? मी खडू काढला. रेघ सरळ आली. तिसरी. आता नियमाप्रमाणे जो शब्द लिहायचा तो मी आयुष्यात नऊ वेळा खाली मान घालून लिहिला होता. दहाव्यांदा चौकटीवर लिहिला, कुलूप. मग पायरीवर बसले. आपा चहा घेऊन आल्या, दोन कप. त्यांनी मला आधी घ्यायला सांगितलं, आणि मी म्हटलं, नाही आपा, तुम्ही आधी. बाई, या वेळी तिन्ही खेपा मी माझ्या पायांनी केल्या हो… पण तुमचं दार अठरा दिवस उघडं होतं, तेव्हा मी सावलीत होते.